पॅनेलवर गोधडी

"किरकोळ स्पार्क झालाय मॅडम, घाबरण्यासारखं काही नाही," नाईक साहेब फोनवर म्हणाले.

सेफ्टीच्या नोकरीत एकोणीस वर्षं काढल्यावर मला एवढं नक्की कळलंय, की मॅनेजर आपणहून 'किरकोळ' म्हणाला तर लगेच निघायचं. मी लातूरच्या स्टोअरमध्ये हेल्मेट तपासत बसले होते. ती तशीच टाकली आणि औशाच्या रस्त्याला लागले.

सोलरच्या साइटवर पोचले तेव्हा दिगंबर मामा इन्व्हर्टर रूमच्या पायरीवर बसले होते. उजवा हात पाण्याच्या बादलीत. शेजारी त्यांचा रबरी हातमोजा पडलेला, त्याची तीन बोटं वितळून एकमेकांना चिकटली होती. मिशी एका बाजूनं करपली होती. मला बघून ते उठायला लागले.

"बसा मामा. काय झालं?"

"काय न्हाई म्याडम. लाईट गेल्ती, म्हणून जोड उघडाय घेतले. सात निघाले गुमान. आठव्यानं जाळ केला."

"लाईट गेली होती ना? मग जाळ आला कुठून?"

"तेच तर मी म्हणून राहिलो. लाईट नसताना जाळ आलाच कुठून?"

हे ते मनापासून विचारत होते. तोंड लपवणाऱ्या माणसाचा आवाज मला ओळखता येतो. हा तो नव्हता. मी त्यांना गाडीत घालून औशाला दवाखान्यात नेलं. हातमोज्यानं हात वाचवला होता. कातडी लाल झाली होती, एक फोड आला होता. डॉक्टरांनी मलम दिलं आणि चार दिवस कामाला सुट्टी लिहिली. सुट्टी ऐकून मामांचा चेहरा जो पडला, तो भाजल्यावरही पडला नव्हता.

दिगंबर बिराजदार म्हणजे आमच्या साइटचे सगळ्यात जुने टेक्निशियन. वय बावन्न. कंपनीत यायच्या आधी पंचवीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांतल्या शेतातल्या मोटारी दुरुस्त केल्या. विहिरीवर मोटर जळाली की मामा, डीपीचा फ्यूज उडाला की मामा. तारेत वीज आहे का हे ते उलटा हात जवळ नेऊन सांगायचे. ही सवय मी मोठ्या भांडणानंतर सोडवली होती. बाकी आठ टेक्निशियन त्यांच्याच हाताखाली शिकलेले. कंपनीचं आयकार्ड ते सोसायटीच्या मीटिंगलाही गळ्यात घालून जात, असं त्यांच्या घरूनच कळलं होतं.

आता झालं काय ते समजावून सांगते. वीज न शिकलेल्या माणसालाही समजेल, कारण मामांना न समजलेली गोष्ट तीच आहे.

सोलरचे पॅनेल एकमेकांना काळ्या प्लॅस्टिकच्या जोडांनी जोडलेले असतात. बोटाएवढे जोड, एकात एक बसणारे. त्यांना कनेक्टर म्हणतात. असे अठ्ठावीस पॅनेल एका माळेत जोडले की तिला स्ट्रिंग म्हणायचं. या एका माळेत हजाराच्या वर व्होल्टचा दाब तयार होतो. घरात दोनशे तीस असतो, यावरून अंदाज करा. आमच्या साइटच्या एका ब्लॉकमध्ये हे जोड बसवणाऱ्यांनी ते नीट दाबले नव्हते. सैल जोड गरम होतो, गरम झाला की वितळतो. मामांच्या टीमला ते तपासून बदलायचं काम दिलेलं होतं.

आपल्याकडं शेतीची लाईट पाळीनं येते. लाईट गेली की तार मेली, मग काय करायचं ते करा, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. माझ्याही भिनलेलं आहे. पण सोलरमध्ये वीज बाहेरून येतच नाही, ती तिथंच तयार होते. बाहेरची लाईट गेली तर पॅनेलची वीज बाहेरच्या तारांत सोडणारा इन्व्हर्टर थांबतो आणि माळेतून करंट वाहायचा थांबतो. पॅनेलवर ऊन आहे तोवर दाब मात्र तसाच असतो. करंट वाहत नसताना जोड उघडला तर तो गुमान निघतो. म्हणून मामांचे सात निघाले. तेवढ्यात लाईट परत आली. इन्व्हर्टर कुणाला न विचारता आपला आपण सुरू झाला, आणि आठवा जोड मामांनी वाहत्या करंटमध्ये ओढला. घरातल्या विजेची ठिणगी लगेच विझते, कारण ती वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. सोलरची वीज शून्यावर येत नाही. जोड जसा ओढाल तसा जाळ लांबत जातो.

यावर उपाय साधा आहे. आधी त्या माळेचा स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. मग इन्व्हर्टर दहा वेळा चालू झाला तरी त्या माळेत करंट येत नाही. मामांनी कुलूप घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाईक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते साइटचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण क्लायंटचा फोन आला की उभे राहून बोलतात.

"मॅडम, रिपोर्ट साधा ठेवा. प्रोसिजर पाळली नाही, माणूस कमी केला. दोन पानं. सोमवारी क्लायंटचे ऑडिटर येतायत."

"माणूस कमी केला? कुणी केला?"

"करावा लागेल. कुलूप घातलं नाही, हे त्यांनीच कबूल केलंय. मी विचारलं, असं करायला कुणी सांगितलं? म्हणाले, कुणी नाही, माझ्या मनानं केलं."

"रिपोर्ट माझा आहे. सोमवारपर्यंत देते."

"तेच लिहा म्हणजे झालं."

सेफ्टीच्या कारणावरून काढलेल्या माणसाचं नाव आमच्या धंद्यात सगळीकडं फिरतं. कुठल्याच प्लांटचा गेट पास मिळत नाही. बावन्नाव्या वर्षी मामांनी पुन्हा विहिरीत उतरायचं का, हे आता माझ्या दोन पानांवर होतं. मी चिडले होते, पण कुणावर ते ठरत नव्हतं.

मग मी आपलं नेहमीचं काम सुरू केलं. आठही टेक्निशियनना एकेकटं बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला. "समोर जोड आहे. लाईट गेली. काय कराल?"

पहिला म्हणाला, उघडीन. दुसरा म्हणाला, उघडीन. तिसरा विचार करून म्हणाला, "लाईट परत यायच्या आत उघडीन." आठव्यापर्यंत माझा पेन चालायचा थांबला होता.

एक माणूस चुकला तर चूक त्याची. नऊच्या नऊ एकसारखे चुकत असतील तर चूक शिकवणाऱ्याची असते. आणि या नऊ जणांना शिकवलं होतं मी. हजेरीचे कागद होते, सह्या होत्या, फोटोही होता. त्या फोटोत मी मीटर हातात धरून उभी आहे आणि सगळे माझ्याकडं बघतायत. मी तो दोनदा बघितला, पण मला त्यात काही दिसलं नाही.

संध्याकाळी मामांच्या घरी गेले. मामींनी मला बघताच चुरमुऱ्यांची सुशीला करायला घेतली. नको म्हणायची सोय नव्हती. मामा बाजेवर हाताला मलम लावून बसले होते. मिशी दोन्हीकडून सारखी कापून घेतली होती आणि त्यामुळं ते एकदम कारकुनासारखे दिसत होते. मला हसू आलं. तेही हसले.

"मामा, खरं सांगा. लाईट गेली की पॅनेल मरतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामा मामींकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "आता तुम्हीच इचारून राहिलात म्हणून सांगतो. तुम्हीच दावलं की म्याडम."

"मी?"

"त्या दिशी. इन्व्हर्टर बंद केला, मीटर लावला, अन् म्हणलात, बगा, शून्य. आमी समद्यांनी डोळ्यानं बगितलं. शून्यच आलतं."

"किती वाजता दाखवलं होतं मी?"

"दिवेलागणीला. काम सुटल्यावर. चहाबी झालता."

मी ताटली खाली ठेवली. एप्रिलचं ऊन होतं, माणसं दिवसभर राबलेली, म्हणून मी ट्रेनिंग संध्याकाळी ठेवलं होतं. वर मनात स्वतःचं कौतुकही केलं होतं, की मी कामगारांची सोय बघते. सूर्य मावळल्यावर मीटरवर शून्य येणारच. ते शून्य माझ्या इन्व्हर्टरमुळं आलं नव्हतं, सूर्य मावळला म्हणून आलं होतं. मी आधी बारा वर्षं सूतगिरणीत सेफ्टी बघितली. तिथं मशीन सकाळी बंद केलं काय आणि संध्याकाळी बंद केलं काय, फरक पडत नाही. मी तीच सवय इथं आणली होती. कुलूप घालायचंही सांगितलं होतं, पण डोळ्यांनी बघितलेलं शून्य कानांनी ऐकलेल्या कुलपापेक्षा पक्कं बसतं.

"हे साहेबांना का नाही सांगितलं?"

"तुमचं नाव कशाला मधी आणायचं? बाईमाणूस एवढ्या उन्हातान्हात नांदेड-लातूर करून राहिल्या. माझं काय, चार मोटारी दुरुस्त करून पोट भरंन."

मला राग आला. बाईमाणूस म्हटल्याचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. रुळावर चूक झाली तर ती ज्याची त्यानं सांगायची, हे आमच्या घरात जेवताना शिकवलं जायचं. आणि इथं एक माणूस माझी चूक पदराआड घेऊन बसला होता. मला फार लाज वाटली. त्याच वेळी बरंही वाटलं, कारण आता काय लिहायचं ते मला ठाऊक झालं होतं.

शुक्रवारी मी रिपोर्ट नाईक साहेबांपुढं ठेवला. अपघाताचं मूळ कारण: प्रात्यक्षिक सूर्यास्तानंतर घेतल्यामुळं सर्व टेक्निशियनचा चुकीचा समज. जबाबदार: सेफ्टी ऑफिसर. खाली माझी सही.

नाईक साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"धोंडा माझाच आहे."

"हेड ऑफिस तुम्हाला पत्र देईल."

"देऊ द्या."

त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण क्लायंट माझ्याकडं एकच गोष्ट मागणार. उरलेले जळके जोड कोण बदलणार आणि कसे? बाहेरची एजन्सी आणा म्हणतील. ती आली की मामाच काय, सगळी टीम घरी. सोमवारी दुपारी ऑडिटरसमोर एक जोड सुरक्षित बदलून दाखवा. मामांनी दाखवला तर मी त्यांच्या बाजूनं लिहितो."

रात्री काम करायला आमच्या कंपनीत परवानगी नाही. माळरान आहे, विंचू-साप असतात. म्हणजे भर उन्हातच करायला हवं होतं. आणि जळका जोड वितळून एकजीव झालेला असतो, तो उघडत नाही, कापावाच लागतो. जिवंत तार कापायची म्हणजे दाब आधी घालवायला हवा.

शनिवारी मामा सुट्टीवर असूनही हजर झाले. मी त्यांना सावलीत खुर्ची दिली आणि बजावलं, हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. हे त्यांना भाजण्यापेक्षा अवघड गेलं. त्यांच्या सांगण्यावरून टीममधल्या सचिननं काम सुरू केलं. माळेला कुलूप घातलं. मीटरवर करंट शून्य बघितला. मग जळक्या जोडाच्या दोन्ही बाजूंचे चांगले जोड उघडले. त्यामुळं हजार व्होल्टची माळ तुटली आणि जळक्या जोडाला चिकटलेले दोनच पॅनेल उरले. मीटर लावला: ब्याण्णव. माझा नियम असा, की दहाच्या आत आल्याशिवाय कापायचं नाही.

स्टोअरमधून निळी ताडपत्री आणून दोन्ही पॅनेल झाकले. मीटर: अठ्ठ्याऐंशी.

पॅनेल हा प्रकार असाच आहे. उजेड कमी झाला की करंट कमी होतो, पण दाब लवकर सोडत नाही. थोडा उजेड मिळाला तरी तो धरून ठेवतो.

शेजारच्या ओळीत पॅनेल धुणाऱ्या बायका काम थांबवून बघत होत्या. त्यांच्या मुकादम गयाबाई. साठीच्या जवळ आलेल्या, आवाज असा की मला मेगाफोन नको असतो. त्या पुढं आल्या.

"काय झाकून राहिलेत ओ बाई तुमी? पॅनेलला थंडी वाजून राहिली काय?"

मी त्यांना सांगितलं, की पॅनेलला पूर्ण अंधार पाहिजे.

"मग ह्या निळ्या पातळानं काय हुतंय? आमच्या वाकळंत दुपारी बारालाबी रात असती." त्यांनी एका बाईला पिटाळलं. गाव जवळच होतं. अर्ध्या तासात जुन्या लुगड्यांची जाडजूड गोधडी आली. आमच्याकडं तिला वाकळ म्हणतात. चार जणांनी ती पॅनेलवर अंथरली. सगळे मीटरकडं धावले.

ऐंशी.

सचिन हसायला लागला, मग बाकीचेही. गयाबाईंना ते लागलं. "हसू नका. माझ्या वाकळंला नाव ठेवायचं न्हाई. तुमचं मीटर खराब हाय."

मीटर ठीक होता. एवढ्या जाड गोधडीतून ऊन जाणं शक्य नव्हतं. मी छापील मॅन्युअल उघडून बसले.

मामा खुर्चीवरून उठले. मी ओरडायच्या आत म्हणाले, "हात न्हाई लावत, वाकतो फक्त." ते पॅनेलखाली वाकले आणि तसेच बसून राहिले. साइटवर सगळीकडं पांढरा मुरूम पसरलेला आहे. दुपारी तो इतका लखलखतो की डोळे मिटावे लागतात.

"म्याडम, हे पॅनेल दोन तोंडाचे हायत ना?"

होते. हल्लीचे पॅनेल वरूनही ऊन खातात आणि खालून जमिनीवरून उसळलेला उजेडही खातात. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. मी चाळिसाव्यावर होते.

"मग हेला नुसतं पांघरून काय हुनार? थंडीत वरून कितीबी पांघरा, खाली फरशी उघडी असली तर माणूस कुडकुडतोच. खालीबी अंथरावं लागतंय."

गयाबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढंबी कळंना व्हय मला."

दुसरी गोधडी आली. ती पॅनेलच्या खालून झोळीसारखी बांधली. मीटर धडाधड उतरला आणि अडतीसवर थांबला. गयाबाईंनी गोधडीखाली डोकं घातलं आणि तिथूनच ओरडल्या, "टाक्यांच्या भोकांतून चांदण्या दिसून राहिल्यात. मधी काळं कायतरी शिवावं लागंल."

काळं म्हणजे काय, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी स्टोअरकीपरला आठवलं, की सेफ्टी वीकचे फ्लेक्स बॅनर पडून आहेत. त्यांची पाठ काळीभोर असते आणि त्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. पुढच्या बाजूला माझाच फोटो आणि 'सुरक्षा हीच प्राथमिकता' असं लिहिलेलं. दरवर्षी मी ते गेटवर लावते आणि दरवर्षी त्याखाली माणसं बिनहेल्मेट उभी राहून गप्पा मारतात.

रविवारी स्टोअरच्या शेडमध्ये गयाबाईंसह सहा जणी गोधड्या शिवायला बसल्या. मी त्यांच्या हजेऱ्या लावल्या, कारण हे काम होतं. मामींनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी पाठवल्या. जुनी लुगडी कुणाची घ्यायची यावरून वाद झाले. एकीनं आपल्या सासूचं लुगडं आणलं होतं, ते तिनं मुद्दाम खालच्या बाजूला लावलं आणि सगळ्या खो-खो हसल्या. मला दाभण धरता येत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत उघड झालं.

"कॉलेजात शिकवत न्हाईत का हे?" गयाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग काय शिकवत्यात?"

मी दोरा ओवायला घेतला. माझा फोटो दोन लुगड्यांच्या मध्ये शिवला जाताना मी डोळ्यांनी बघितला. इतक्या वर्षांत त्या बॅनरचा सेफ्टीला पहिल्यांदाच उपयोग होत होता. सूर्य उतरेपर्यंत आम्ही चार गोधड्या पुऱ्या केल्या. कापड पेटतं हे मला माहीत होतं, म्हणून कागदावर क्रम लिहून काढला: आधी कुलूप, मग करंट शून्य, मग शेजारचे जोड, आणि त्यानंतरच गोधडी. तो क्रम मी बायकांकडूनही म्हणवून घेतला. त्यांनी तो ओवीच्या चालीवर म्हटला.

सोमवारी बाराला ऑडिटर आले. तिशीतले, हैदराबादचे, फार न बोलणारे. डॉक्टरांनी मामांना कामावर यायची चिठ्ठी दिली होती. मी नव्या हातमोज्यांत हवा भरून गालाला लावून बघितली, कुठून फुस्स होत नाही ना म्हणून. मग ते मामांना दिले.

मामांनी स्विच बंद केला. कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली आणि खिशावर थोपटलं. मीटर धरला, मोठ्यानं म्हणाले, "करंट शून्य." शेजारचे जोड उघडले. मग गयाबाई आणि तिघी जणी पुढं आल्या आणि त्यांनी पॅनेलला वरून पांघरलं, खालून अंथरलं, कडेनं चिंध्यांनी आवळलं. ऑडिटरांनी गॉगल काढला.

"ये क्या है?"

"रजई," नाईक साहेब पडेल आवाजात म्हणाले.

मामांनी मीटर लावला. आकडा उतरत गेला. चाळीस, वीस, बारा. बारावर अडला. कुणी हललं नाही. मामा मीटर तसाच धरून म्हणाले, "गयाबाई, तुमच्या उजव्या हाताला कोपरा उघडा हाय." गयाबाईंनी कोपरा दाबला. सहा.

"सहा," मामांनी मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी कटर लावला. कट असा आवाज आला आणि जळका जोड जमिनीवर पडला. जाळ नाही, ठिणगी नाही, काही नाही. माझ्या धंद्यात काहीच न होणं यालाच यश म्हणतात. ते फोटोत येत नाही आणि कुणी टाळ्याही वाजवत नाही. त्या दिवशी मात्र धुणाऱ्या बायकांनी वाजवल्या, आणि मला रडू आवरलं नाही. मी ऊन लागलं म्हणून गॉगल लावला.

ऑडिटर खाली वाकून गोधडी उलटसुलट करून बघत होते. "ये आपको किसने सिखाया?" त्यांनी मामांना विचारलं.

"ठंडी ने, साब," मामा म्हणाले.

पुढच्या दहा दिवसांत मामांच्या टीमनं त्या ब्लॉकमधले सगळे जळके जोड बदलले. एजन्सी आली नाही. दोन महिन्यांनी कंपनीनं आगीला न पेटणारी, काळी, विकतची कव्हरं पाठवली. ती चांगली आहेत, पण गयाबाईंचं मत अजून वेगळं आहे.

हेड ऑफिसहून दोन पत्रं एकाच दिवशी आली. एक मामांचं. लातूर आणि नांदेडच्या साइटवर प्रात्यक्षिक देणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घातलं होतं. दुसरं माझं. एकोणीस वर्षांतली पहिली लेखी ताकीद. त्यात लिहिलं होतं, की सौर पॅनेलचं प्रात्यक्षिक यापुढं सूर्यप्रकाशात घ्यावं. सोलर कंपनीला हे लेखी कळवावं लागलं, याचं मला अजून हसू येतं. मी पोच दिली आणि पत्र फाइलला लावलं.

मामांचं पहिलं प्रात्यक्षिक नांदेडला झालं. एका कॉलेजच्या गच्चीवर पॅनेल बसवणारी चौदा जणांची टीम होती. मामा लातूरहून एसटीनं आले, काखेत गोधडी. कंपनीची कव्हरं होती, तरी गोधडी आणलीच. कंडक्टरनं त्यांना मुक्कामाला चाललात का म्हणून विचारलं होतं, असं ते खुशीत सांगत होते.

बाराचं ऊन. गच्ची तव्यासारखी. सगळे सावली शोधत होते. मामांनी त्यांना पॅनेलपाशी उभं केलं.

"समजा, लाईट गेली. समोर जोड हाय. काय करचाल?"

"उघडू की," तिघे-चौघे एकदम म्हणाले.

मामांनी मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर थांबला. मग मीटर लावून आकडा सगळ्यांना दाखवला. सातशेच्या वर होता. एक जण दोन पावलं मागं सरकला.

"मीबी उघडूच म्हणलो होतो," मामा म्हणाले आणि तळहातावरचा गुलाबी डाग सगळ्यांना दाखवला. मग माझ्याकडं बोट केलं. "ह्या आमच्या म्याडम. ह्यांनी मला सांजच्याला शिकवलं, म्हणून मी तुमाला दुपारी शिकवून राहिलो."

सगळी गच्ची हसली. मीही हसले, आणि हजेरीचा कागद फिरवायला दिला.

तेव्हापासून माझ्या वहीत एक ओळ आहे. ट्रेनिंग धोक्याच्या वेळेला घ्यायचं, चहाच्या वेळेला नाही.